फळीवरचं मीठ

सांगली,
२१ जानेवारी १९६२

चि. ज्ञानूस अंबूआक्काचा आशीर्वाद.

कागद पिवळा दिसेल, त्याबद्दलची तक्रार आधी नोंदवते, कारण या शहरात माझी तक्रार ऐकून घेणारं आता कुणी उरलेलं नाही. शाळेच्या कृपेने मला जी खोली मिळाली आहे ती हळदीच्या वखारीच्या बरोबर वर आहे. खाली हमालाने पोतं आपटलं की वर माझा भात पिवळा होतो. धुतलेलं पातळ दांडीवर टाकावं तर संध्याकाळी ते खंडोबाच्या यात्रेहून आल्यासारखं दिसतं. मांजर जन्मतः पांढरं होतं हे माझ्याखेरीज कुणाला पटत नाही. मोठ्या बाईंकडे गाऱ्हाणं नेलं तर म्हणाल्या, हळद औषधी असते. असेल, पण औषध आपल्या हाताने घ्यायचं असतं. शेजारणींचा विषय तर चार महिने पुरेल: विधवा बाई अंगाला हळद लावून हिंडते.

आणि जिच्या अंगाला ती लागायला हवी होती, त्या आपल्या सुलाचं लग्न मोडलं.

थोरल्या दादाची सुला. तू गेलास तेव्हा झबल्यात नाही, पण परकरात होती. दादा-वहिनी गेल्यावर आबांनीच तिला वाढवली. स्थळ मसूरकडचं, सुभेदार हिंदुरावांचं. मुलगा लालासाहेब पलटणीत हवालदार. त्याने पाहिली, पसंत केली. तिनेही पाहिला, आणि त्या दिवसापासून ती चुलीपुढे उगाच हसायला लागली. सुपारी फोडायला दहा माणसं आली. चहा झाला, पान झालं, आणि आबांना फळी दाखवायची हुक्की आली.

पुढचं आख्यान तुला पाठ आहे, तरी लिहिते. लाल फडक्यातून ती लाकडाची फळी निघाली. आबा घसा साफ करून म्हणाले, हे आमचं देवक, हा आमच्या मूळपुरुषाच्या जहाजाचा तुकडा. मूळपुरुष जातिवंत फिरंगी, तोफा डागणारा. हा बघा त्याचा क्रूस. ही चार भोकं लढाईतल्या गोळ्यांची. आणि हे बघा आमचे घारे डोळे.

गोळ्या कशा अगदी सारख्या अंतरावर, चौकोनात बसल्या आहेत, हे लहानपणी मी विचारलं होतं. शत्रू फार शिस्तीचा असावा असं मी म्हणाले आणि मार खाल्ला.

या पूर्वजाचं मी पुष्कळ पाहिलं आहे. सत्तेचाळीस सालापर्यंत तो गोरापान होता. मामलेदार घरी आला की त्याची उंचीही वाढायची. स्वातंत्र्यानंतर बिचारा जरा उन्हात करपला, पण मुक्काम हलवला नाही. आबांच्या एवढं लक्षात आलं नाही की गोवा घेऊन जेमतेम महिना झालाय.

सुभेदारांनी पान थुंकलं आणि अगदी सावकाश म्हणाले, "आबा, माझं पोरगं गेल्या म्हैन्यात फिरंग्यावर बंदूक रोखून आलंय. त्येच पोरगं आता फिरंग्याच्या दारात हळद लावून हुबं करू व्हय?"

दहाच्या दहा माणसं उठून गेली.

सुला रडली नाही. रात्री मला म्हणाली, "आत्या, त्यो फिरंगी खरा का खोटा, येवढंच मला शोधून दे. खोटा असंल तर लगीन करीन. खरा असंल तर गप बसीन, आबास्नी बोल लावनार न्हाई."

म्हणून हे पत्र. चौदा वर्षांत मी पाठवलेल्या एकाही पत्राला तू उत्तर दिलेलं नाहीस. याही पत्राला देणार नाहीस. पण आपल्या ओळखीत समुद्र पाहिलेला माणूस तू एकटाच. फळी कशाची, एवढं सांग. घराबद्दल काही लिहू नकोस हवं तर.

तुझी,
अंबूआक्का


सांगली,
७ फेब्रुवारी १९६२

चि. ज्ञानूस आशीर्वाद.

अष्टग्रही झाली, आठही ग्रह एका राशीत बसून उठून गेले, आणि जग बुडालं नाही. आमच्या पेठेत होमाच्या धुराने मात्र दोन म्हाताऱ्या गुदमरल्या. ग्रहशांती झाल्या म्हणून सगळे निर्धास्त होताहेत तोवर निवडणुकीचे कर्णे सुरू झाले. या सगळ्यात तुझं कार्ड आलं. ग्रहांनी काही केलंच असेल तर एवढंच.

अख्ख्या कार्डावर एक ओळ: "फळीचं माप, आकार आणि लाकूड कळव." खाली सही नाही. अक्षरावरून ओळखलं. 'ळ' अजून मांजराने कूस बदलल्यासारखा काढतोस.

शनिवारी घरी बोरगावला जाऊन फळी पाहिली. लांबी माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत, वर चार बोटं. आकार पिंपळाच्या पानासारखा, टोक बोथट. चार भोकं वरच्या अर्ध्यात, दोन दोनच्या जोडीने. क्रूस डाग देऊन उठवलेला, लोखंड तापवून लावतात तसा. लाकूड धुळा सुताराला दाखवलं. त्याने वास घेतला, नख मारलं आणि असलं झाड आपल्या मुलखात न्हाई, येवढं बोलून परत दिलं.

मी माप घेत होते तेव्हा आबा दारात येऊन उभे राहिले. कुणाला कळवायचं म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बाहेर जाऊन बैलाला उगाच दरडावलं.

ज्ञानू, तू बोटीवर खलाशी म्हणून नाव घातलंस तेव्हा मी सांगलीला ट्रेनिंग कॉलेजात होते. सुट्टीत आले तर तू नव्हतास, आणि घरात एकच वाक्य टांगलेलं होतं: "आमच्या घरात खारवी जन्मत न्हाई." खारवी म्हणजे समुद्रावर पोट भरणारा, हेही मला शब्दकोशात पाहावं लागलं. जहाजावरच्या फिरंग्याचा वंशज म्हणवणाऱ्या माणसाला स्वतःचा मुलगा जहाजावर गेल्याची लाज वाटते, यावर मी चौदा वर्षं विचार करते आहे. हसू येतं, पण पुरतं येत नाही.

एक गोष्ट मापात बसत नाही, तरी लिहिते. देवक बसवताना सगळ्या गावात तांदूळ वाहतात. आपल्याकडे आई फळी आधी कृष्णेत बुडवून आणायची आणि तिच्यावर तांदळाऐवजी चिमूटभर मीठ ठेवायची. का, ते तिलाही माहीत नव्हतं. तिच्या सासूने ठेवलं म्हणून ती ठेवायची. आता तू म्हणशील, आक्का मिठाचं काय घेऊन बसलीस.

तुझी,
अंबूआक्का


चिपळूण,
११ मार्च १९६२

चि. ज्ञानूस आशीर्वाद.

तुझ्या दुसऱ्या कार्डावर तर चार ओळी होत्या, उधळपट्टी झाली. "भोकं गोळ्यांची नाहीत, दोरीची. लांब काठीला फळी बांधतात. वल्हं आहे, पण मोठ्या जहाजाचं नव्हे. चिपळूणच्या खाली दाभोळच्या खाडीत अजून असली वल्ही मारतात." एवढ्या चार ओळींत तू आबांची लढाई संपवलीस. मी शाळेत रजा टाकली आणि कऱ्हाडहून एस.टी. धरली.

कोयनेच्या धरणाच्या मालमोटारींमागून धूळ खात पाटण गेलं, मग कुंभार्लीचा घाट लागला. फळी फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. शेजारच्या बाईने बाळ अशक्त दिसतं म्हणून कीव केली. मी म्हटलं, वय झालंय त्याचं.

खाडीवरच्या ज्या गावी होडीने गेले, तिथे पोचल्यावर कुणालाही काहीच विचारावं लागलं नाही. एका घराच्या कुडाला दहाबारा वल्ही टेकून ठेवली होती. लांब काठ्या, टोकाला पिंपळपानी फळ्या, काथ्याने चार भोकांतून आवळलेल्या. आणि प्रत्येक फळीवर डाग देऊन काढलेला आपला क्रूस.

मी तिथेच बसले. आतून एक म्हातारी आली. नाव मनुबाई, जात खारवी, तोंड माझ्यासारखं. मांडीवरचं गाठोडं बघून म्हणाली, "बाय, माहेरची काय सासरची?"

मी फळी सोडून दाखवली. आबांचा क्रूस तिला समजावून सांगितला. ती एवढी हसली की घरातल्या सुना बाहेर आल्या.

"किरिस्तांव कसला? फुली हाय ती. आमच्या घराची खूण. शेजारच्याच्या दोन रेघा, त्याच्या पलीकडच्याची चांदनी. वल्ही एकाच जागी वाळत पडतात, कुनी उचलून न्हेऊ नये म्हनून डागतात."

म्हणजे ज्याला आबा धर्म समजत होते ती चोरापासूनची खबरदारी होती.

पण मी लगेच विरघळले नाही. फुली काय, चुकलेल्या उत्तरावर मीही रोज मारते, म्हणून ती उत्तरं माझी नातलग होत नाहीत. पुरावा पाहिजे होता. मी माझ्याकडचं काही न सांगता विचारलं, लग्नात तुमचं देवक काय?

"वल्हं."

त्याच्यावर काय वाहता?

तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "मीठ. दुसरं काय वाहनार? भात काय दर्यात पिकतो?"

ज्ञानू, मी चाळिशी ओलांडलेली बाई, भूगोल शिकवते, पोरींना धाक आहे माझा. मी मान खाली घालून फळी उलटीसुलटी फडक्यात गुंडाळत राहिले. तिनेच मग माठातलं पाणी दिलं.

त्यांच्या घरात एक सांगी आहे, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली. आंग्र्यांचं आरमार जळालं तेव्हा या घरातले दोन भाऊ त्यात होते. एक पोहत घरी आला. दुसरा लपतछपत घाट चढून वर गेला तो आलाच नाही. म्हणून घरी लग्न असलं की ते एक पान जास्त वाढतात, वर गेलेल्याचं. दोनशे वर्षं वाढताहेत. कुणी येत नाही, मग ते पान गाईला घालतात.

मला एकदम उताराजवळची आपली जमीन आठवली. तिला 'नावेची पट्टी' म्हणतात. गावाला पलीकडे उतरवण्याच्या बदल्यात दिलेली. मूळपुरुषाने वर येऊन दुसरं काय करावं? जे येत होतं तेच केलं. समुद्र नव्हता म्हणून कृष्णेवर केलं. दोन पिढ्यांत पोटात भाकरी गेली, तिसऱ्या पिढीत अब्रू आली, आणि अब्रूला वल्हं टोचायला लागलं. मग कुणी तरी शहाण्याने हिशेब केला की घरात खारवी असण्यापेक्षा फिरंगी असलेला बरा. परक्याचं रक्त चालेल, घामाचा वास नको. त्या शहाण्याला मी नावं ठेवणार होते, पण मग मला आपलं गाव आठवलं, आणि त्याचा हिशेब बरोबर होता हे ध्यानात आलं.

डोळ्यांचं राहिलं. मनुबाईचे डोळे काळेभोर, घरात सगळ्यांचेच. मग आपले घारे कुठून? विचारलं तर म्हणाली, "दर्यावर सगळ्या मुलखाची मानसं येतात बाय. डोळं कुनाचं कुनी सांगावं? उगीच खोल पानी ढवळू नये."

तेव्हा फिरंगी अगदीच हद्दपार झाला असं लिहून देता येत नाही. पण मूळपुरुष तो नव्हे, एवढं मी कुठल्याही कोर्टात सांगेन.

जेवायला मला त्यांनी मधल्या पाटावर बसवलं. सून पान मांडत होती, तिला मनुबाई म्हणाली, आज गाईला घालू नको, आलंय खानारं. भात गिळायला मला वेळ लागला. मासळीत काटे असतात, दुसरं काही कारण नाही.

तुझी,
अंबूआक्का


बोरगाव,
८ एप्रिल १९६२

चि. ज्ञानूस आशीर्वाद.

आबांना सगळं सांगितलं. ते बाजेवर बसून ऐकत होते. मिठाचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. आई आठवली असावी. मग म्हणाले, "फिरंगी हुता त्येच बरं हुतं."

मी म्हटलं, बरं कुणाला? सुलाला तर नाही.

त्यांनी तोड काढली. सुभेदारांना बोलवायचं, फिरंगी खोटा निघाला येवढंच सांगायचं, आणि पुढचं झाकून ठेवायचं. लग्न लागलं म्हणजे झालं. मी म्हटलं, तुमचं घर, तुमची नात, तुम्ही बोला. पण मला कुणी विचारलं तर माझ्या तोंडाला झाकण नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आबा म्हणाले, ठावं हाय, तुझ्या नवऱ्यालाबी ठावं हुतं. या वयातसुद्धा त्यांचा नेम चुकत नाही.

काल सुभेदार आले. एकटेच आले, मिशीला नवा पीळ. लालासाहेबाने पलटणीतून लिहिलं होतं म्हणे, की करीन तर हीच. आबांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. सुभेदारांचा चेहरा उजळला. मांडी ठोकून बसले, तंबाखूची चंची सोडली, आणि चुना मळता मळता सहज म्हणाले, "मग हुता तरी कोन?"

मी तोंड उघडलं. आबांनी हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं, आता आणखी एखादा पूर्वज जन्माला येतो. निदान रजपूत तरी.

तेवढ्यात सुला माजघरातून आली. चहा नव्हता तिच्या हातात, फळी होती. ती तिने सुभेदारांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "बगून घ्या, मामा. मागनं कुनी सांगितलं न्हवतं म्हनू नका."

सुभेदारांनी भोकांवरून बोट फिरवलं. "ह्या त्या गोळ्या?"

"दोरीची भोकं हायती," आबा म्हणाले.

ज्ञानू, साठ वर्षं त्यांनी त्या गोळ्यांवर काढली. मामलेदारापुढे, सोयऱ्यांपुढे, जत्रेत. ती लढाई त्यांनी एका वाक्यात स्वतःच्या हाताने बुडवली, आणि मग ते थांबले नाहीत.

"खारवी हुता. आरमारात वल्हं मारायचा. आरमार जळालं, तवा वर आला आन् कृष्णंवर नाव घातली. त्या नावंवर आमी खाल्लं. आन् माझा धाकटा आज बी दर्यावर हाय. ज्ञानदेव त्याचं नाव."

चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून मी तुझं नाव ऐकलं नव्हतं. 'ज्ञानू' म्हणाले नाहीत, 'ज्ञानदेव' म्हणाले, कचेरीत नोंदवतात तसं. मान ताठ होती. अशी ताठ मान मी त्यांची फिरंग्याच्या दिवसांतही पाहिली नव्हती.

सुभेदार बराच वेळ तंबाखू मळत राहिले. एवढी मळली की तिचं पीठ झालं. मग म्हणाले, "आरमार म्हंजी फौजच की वो, आबा. कोन पायानं चालतंय, कोन वल्ह्यानं. आमचं देवक कळंब. तुमचं ह्ये. येक न्हाई, तवा आडवं येत न्हाई."

मग जरा खाली वाकून म्हणाले की भावकीला मी आरमार म्हणून सांगणार. वल्हं तेवढं अक्षता पडल्यावर काढू. ही चतुराई मला आवडली नाही, आणि पटली. सैन्यात इतकी वर्षं उगाच नाही काढली त्यांनी. केव्हा पुढे जायचं आणि केव्हा आडोशाला थांबायचं ते कळतं.

सुला आत गेली आणि चुलीपुढे हसत बसली. दूध उतू गेलं.

लग्न वैशाखात धरलं आहे. थोरला दादा नाही, तेव्हा चुलता म्हणून तू उभा राहायचास. हे मी लिहिते आहे, पण सांगितलं कुणी ते तुझं तू समज.

तुझी,
अंबूआक्का


बोरगाव,
२० मे १९६२

चि. ज्ञानूस आशीर्वाद.

तुझं कार्ड लग्नाच्या आधी दोन दिवस पोचलं. बोट नेमकी त्याच आठवड्यात एडनला सुटायची होती आणि तू करारावर सही केलेली, हे वाचून दाखवलं तेव्हा आबा म्हणाले, "कामावरचा मानूस हाय, कसा येईल?" आणि मांडवात ज्याने त्याने विचारलं त्याला तेच सांगत सुटले: धाकटा बोटीवर असतोय, परदेशी गेलाय. तिसऱ्यांदा सांगताना तू खलाशाचा कप्तान झाला होतास. मी डोळे वटारले तेव्हा परत खलाशी केला. सवय आहे त्यांची, एकदम जायची नाही.

मनुबाई आली होती. सोबत दोन सुना, एक करंडी सुकं, आणि स्वतः घाट लागल्याने ओकून हैराण. कित्येक पिढ्यांनी तिच्या घरचं माणूस वर आलं, तर गाव बघायला लोटला. सुभेदारांच्या भावकीने चौकशी केलीच. ही कोण? आबा म्हणाले, आमची भावकी. अक्षता पडून गेल्या होत्या, म्हणून सुभेदार नुसते खाकरले. त्यांची एक चुलती त्या करंडीकडे बघून नाक मुरडून पंगतीतून उठली. तिचा रुसवा अजून निघालेला नाही, निघेल असं वाटतही नाही. लालासाहेब मात्र मनुबाईच्या पाया पडला, आणि आगबोटीवर माणसाला खरंच एवढी मळमळ होते का, म्हणून विचारत बसला.

आदल्या दिवशी फळी कृष्णेवर नेली. या खेपेला आम्हाला माहीत होतं आपण काय करतोय ते. पाणी कमी होतं, गुडघाभर आत जावं लागलं. आबा स्वतः उतरले. मीठ सुलाने ठेवलं.

घाटावरच मनुबाईने मला विचारलं की तुझा भाऊ पहिल्यांदा दर्यावर गेला तेव्हा नारळ कुणी दिला? मला अर्थ कळेना. तेव्हा तिने सांगितलं, घरातून पहिल्यांदा जो समुद्रावर जातो त्याच्या हाती घरच्या बाईने नारळ द्यायचा असतो. तो त्याने खाडीच्या तोंडाशी पाण्यात सोडायचा. आई त्यावेळी नव्हती, वहिनी माहेरी, मी सांगलीला. कुणीच दिला नाही, मी म्हटलं. मनुबाईने ओंजळभर पाणी उचललं आणि परत नदीत सोडलं.

लग्न पार पडलं. सुला मसूरला गेली. जाताना फळीकडे वळून बघितलं, माझ्याकडे नाही, पण ते राहू दे. पाहुणे गेले, मांडव उतरला. आबा काल म्हणाले, "त्याला पत्र लिवतीस न्हवं? लिव म्हनावं..." आणि उठून फळी उन्हाकडे फिरवून ठेवली. शेवटी म्हणाले, "फळी वाळत घातलीय, येवढं लिव." तेवढं लिहिलं.

आज पहाटे मी एकटी उताराला गेले. दुकानातून पाण्याने भरलेला, तीन डोळ्यांचा, शेंडी न काढलेला नारळ निवडून आणला होता. हळदकुंकू लावलं. सांगलीची हळद, निदान एकदा तरी तिच्या जागी लागली. मग पाण्यात उतरून सोडला.

आता यात भूगोलाची एक अडचण आहे, आणि ती मला माहीत नाही असं समजू नकोस. तुझी बोट पश्चिमेच्या समुद्रात आहे आणि कृष्णा जाते पूर्वेला. वाटेत आंध्राचा सगळा मुलूख आणि बांधायला घेतलेली धरणं. नारळ पोचलाच तर भलत्याच बाजूने पोचेल, तोही पुष्कळ उशिरा. पण उशीर आपल्याकडून आधीच झाला आहे, आणि दोन्ही समुद्र खालून एकच आहेत असं मी सातवीला शिकवते.

तो जरा वेळ उताराच्या दगडाशी घुटमळला. मी पायाने पाणी लोटलं, मग निघाला. वळणापर्यंत दिसत होता. मी हात पुसले आणि वर आले.

तुझी,
अंबूआक्का